बिननावाचा निळा प्राणी: गो भाषेच्या गोफरचे परीक्षण

प्रोग्रामिंग भाषांच्या शुभंकरांमध्ये गो भाषेचा निळा गोफर, म्हणजे बिळे करून राहणाऱ्या त्या नावाच्या कृंतक प्राण्यावरून घेतलेले पात्र, मला सर्वांत उत्तम जमलेला वाटतो. हे म्हणताना पीएचपीचा हत्ती, रस्टचा खेकडा, जावाचा ड्यूक आणि पर्लचा उंट हे सगळे माझ्या नजरेसमोर आहेत. त्यांतला हत्ती तर गोफरच्या शेजारीच माझ्या टेबलावर असतो. शुभंकर ही तशी विचित्र वस्तू आहे. ती टी-शर्टावर छापली जाते, लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवली जाते आणि सॉफ्ट टॉय होऊन विकलीही जाते, पण तिची खरी परीक्षा दुकानात होत नाही. ज्या लोकांनी ती आपली मानली, ते लोक पुढे वर्षानुवर्षे तिचे काय करतात यावर तिची किंमत ठरते. म्हणून हे परीक्षण हातात येणाऱ्या खेळण्याचे आहे आणि तो प्राणी निवडण्याच्या निर्णयाचेही आहे.

आधी खेळण्याविषयी. फिकट निळ्या कापडाचे एक फुगीर नळकांडे, एवढेच वर्णन केले तरी गोफरला ओळखणारे लोक त्याला ओळखतील. त्याला मान नाही, खांदे नाहीत, आणि डोके कुठे संपून धड कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. वरच्या टोकाला दोन इवलेसे कान, त्याखाली दोन भलेमोठे पांढरे डोळे, मग काळे नाक आणि पुढे आलेले दात. हातपाय म्हणजे बदामी रंगाचे छोटे गोळे. सारे कसब डोळ्यांत आहे. दोन्ही बुबुळे एकाच दिशेला पाहत नाहीत, त्यामुळे हा प्राणी आपल्याकडे बघतो आहे की आपल्या मागच्या भिंतीकडे, हे नक्की करता येत नाही. बहुतेक शुभंकर हसतात, काही हात उंचावून स्वागत करतात, काही अंगठा दाखवतात. गोफर यांतले काहीच करत नाही. तो गोंधळलेला दिसतो, पण त्या गोंधळाचे त्याला जराही वाईट वाटत नसावे, आणि रात्री उशिरापर्यंत एखादी चूक शोधत बसलेल्या माणसाला असा सोबती हसऱ्या चेहऱ्यापेक्षा अधिक जवळचा वाटतो, असा माझा अनुभव आहे.

या प्राण्याचा जन्म गो भाषेसाठी झालेला नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. रेने फ्रेंच या चित्रकर्तीने न्यू जर्सीतील डब्ल्यूएफएमयू या रेडिओ केंद्राच्या वार्षिक निधिसंकलनाच्या टी-शर्टासाठी एक चित्र काढले, त्यात हा गोफर पहिल्यांदा दिसला. गो भाषा तेव्हा कोणाच्या मनातही नव्हती. पुढे बेल लॅब्ज या अमेरिकेतील संशोधन प्रयोगशाळेतील बॉब फ्लँड्रिना यांचे ईमेलमधील चित्र म्हणून तो वापरला गेला. त्याच प्रयोगशाळेच्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी फ्रेंच यांनी ग्लेंडा नावाची पांढरी सशीण काढली, ती या गोफरची दूरची नातलग म्हणता येईल. गो भाषेचे काम २००७ मध्ये रॉबर्ट ग्रिसेमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी सुरू केले आणि १० नोव्हेंबर २००९ रोजी ती ओपन सोर्स म्हणून, म्हणजे कोणालाही तिचा कोड पाहता, वापरता आणि बदलता येईल अशी, सर्वांसाठी खुली झाली. त्या वेळी आपला जुना गोफर या भाषेला शुभंकर म्हणून द्यावा, ही सूचना फ्रेंच यांचीच होती. त्याला वेगळे नाव ठेवण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. आजही तो केवळ ‘गो गोफर’ आहे.

मात्र तेव्हाचा गोफर निळा नव्हता. २०११ च्या गूगल आय/ओ परिषदेत ॲप इंजिन या गूगलच्या प्रोग्राम चालवण्याच्या सेवेवर गो चालू शकेल अशी घोषणा व्हायची होती, आणि त्या निमित्ताने स्क्विशेबल या खेळणी बनवणाऱ्या कंपनीकडून सॉफ्ट टॉय करून घेण्यात आली. तोवर कागदावर राहिलेला गोफर त्या वेळी प्रथम त्रिमितीत आला आणि प्रथमच निळा झाला. पहिला नमुना फारच केसाळ निघाला होता, दुसरा जमला. साधारण त्याच सुमारास फ्रेंच यांनी मातीचा एक कच्चा गोफर घडवला, त्यावरून पुढे नेटकी मूर्ती तयार झाली आणि किडरोबॉट कंपनीने तिच्या व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, बाहुल्या काढल्या, ज्या २०११ च्या ऑस्कॉन परिषदेत प्रथम वाटल्या गेल्या. आज ज्या रंगावाचून गोफरची कल्पनाही करता येत नाही, तो रंग त्याला खेळण्याने दिला आहे. एरवी शुभंकर आधी ठरतो आणि त्याची खेळणी नंतर निघतात. इथे खेळण्यामुळे शुभंकर पुरा झाला, आणि म्हणूनच या सॉफ्ट टॉयला निव्वळ जाहिरातीची भेटवस्तू समजणे मला योग्य वाटत नाही.

आता निवडीविषयी. एखादी भाषा किंवा प्रकल्प शुभंकर शोधू लागला की कोणीतरी लगेच स्पर्धा घेण्याची, मागाहून मतदान घेण्याची सूचना करतो. लोकशाहीच्या दृष्टीने ते बरोबरच दिसते. गोफरच्या बाबतीत असे काही झाले नाही. रेने फ्रेंच या रॉब पाइक यांच्या पत्नी आहेत, म्हणजे हा निर्णय जवळजवळ घरातल्या घरात झाला, आणि एखाद्या सार्वजनिक संस्थेने असे केले असते तर आपणच त्यावर ताशेरे ओढले असते. पण निष्पत्ती पाहावी. स्पर्धांचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. लॅरी युइंग यांनी १९९६ मध्ये काढलेला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा पेंग्विन टक्स बोधचिन्हाच्या तीन स्पर्धांत उतरला आणि एकही जिंकला नाही. तरीही शुभंकर म्हणून जगभर तोच माहीत झाला, आणि त्या स्पर्धांत कोणती चित्रे पुढे आली हे आज कोणाला विचारले तर सांगता येणार नाही. मतदान करणारा एका बैठकीत अनेक चित्रे शेजारीशेजारी पाहतो आणि त्यांतले सर्वांत सफाईदार किंवा सर्वांत अर्थपूर्ण चित्र उचलतो. एखादा चेहरा दहा वर्षे रोज पाहून कंटाळा येईल की जीव जडेल, हे तिथे कळण्याची सोयच नसते. गोफर मात्र गो भाषेकडे आला तेव्हा आधीच कित्येक वर्षांचा होता, दुसऱ्या दोन ठिकाणी वावरून आलेला होता, आणि त्याला पाहण्याची काही माणसांना सवय झालेली होती.

एका हाताने काढलेले चित्र नेहमीच सर्वांना रुचते असे मात्र नाही. पर्ल ६ साठी पर्लचे जनक लॅरी वॉल यांनी स्वतः कॅमेलिया नावाचे भडक रंगांचे फुलपाखरू ठरवले. लहान मुलींनाही ते आवडावे आणि त्या गोतावळ्यात पुरुषी उर्मटपणाला थारा मिळू नये, असा त्यामागचा विचार होता. हेतू उत्तम होता, पण इतके रंग छोट्या स्टिकरवर नीट उठत नाहीत आणि एकरंगी छपाईत तर त्याची ओळखच पुसली जाते. शिवाय त्याच्या पंखांत इंग्रजी ‘पी’ आणि ‘सहा’चा आकडा लपवलेला होता. २०१९ मध्ये भाषेचे नाव बदलून राकू झाले आणि तो पी व तो सहा पंखांत तसेच अडकून पडले.

पीएचपीच्या हत्तीचीही बांधणी अक्षरांवरच झालेली आहे, पण त्याचे नशीब चांगले होते, कारण भाषेचे नाव टिकले. व्हिन्सेंट पोंतिए या फ्रेंच चित्रकाराला १९९८ मध्ये कागदावर लिहिलेली पीएचपी ही मोठी इंग्रजी अक्षरे आडवी धरून पाहताना हत्ती दिसला. २००७ पासून त्याची निळी सॉफ्ट टॉय निघू लागली आणि नंतर वेगवेगळ्या परिषदांनी, कंपन्यांनी, गटांनी आपापल्या रंगांचे हत्ती शिवून घेतले. पीएचपी क्षेत्रातील स्त्रियांच्या गटासाठीही वेगळा हत्ती निघाला. हे सगळे रंग जमवणारे शौकीन आहेत आणि कोणता हत्ती कधी, कोणासाठी निघाला याच्या याद्या ठेवल्या जातात. संग्रह करण्याची ज्याला हौस आहे, त्याने गोफरपेक्षा हत्तीकडेच वळावे. हत्ती चार पायांवर भक्कम बसतो, अंगावर भाषेचे नाव वागवतो आणि भारतीय घरातल्या लहान मुलालाही त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. तरीही तो हत्तीच राहतो. त्याला स्वभाव नाही. त्याच्याकडे पाहून त्याला आता काय वाटत असेल, असा प्रश्न मला कधी पडलेला नाही.

गोफरच्या बाबतीत हा प्रश्न सतत पडतो, आणि लोक त्याची उत्तरे चित्रांत देत राहतात. माझ्या मते या निवडीचे सर्वांत मोठे यश हेच आहे. नळकांड्यासारखे अंग, दोन गोल डोळे, दात: चित्रकलेचा तास चुकवणाऱ्या माणसालाही हा प्राणी ओळखू येईल इतपत काढता येतो, आणि त्याला टोपी, चष्मा, अवकाशवीराचा पोशाख, हातात कॉफीचा कप असे काहीही दिले तरी तो गोफरच राहतो. ताकुया उएदा यांनी त्याची संगणकावर हवी तशी लहानमोठी करता येणारी आवृत्ती काढून खुली केली. ॲश्ली मॅकनमारा यांनी गोफरची कितीतरी रूपे रेखाटली, आणि त्यांच्या चित्रांवरून प्रत्येकाला आपापला गोफर जुळवता येईल असे ‘गोफराइज मी’ हे साधन तयार झाले. २०१४ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे पहिली गोफरकॉन ही गो भाषेची परिषद भरली, पुढे इतर देशांत तशाच परिषदा सुरू झाल्या, आणि बहुतेक ठिकाणी त्या त्या गावाच्या वेषातला गोफर दिसू लागला. गोफरकॉन इंडिया आपल्या पुण्यातही भरलेली आहे. एका खेळण्याने एवढ्या लोकांना पेन्सिल हातात घ्यायला लावावे, हे थोडे नाही.

यात रेखाटनाच्या सोपेपणाइतकाच परवान्याचा हात आहे, आणि शुभंकर निवडणारे लोक नेमके इथेच निष्काळजी राहतात, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहितो. गोफरची चित्रे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुली आहेत. चित्र बदलावे, छापावे, स्टिकर काढावेत, विकावेतही. अट एकच, की मूळ चित्र रेने फ्रेंच यांचे आहे हे सांगितले पाहिजे. सॉफ्ट टॉय आणि व्हिनाइलची बाहुली यांची रचना मात्र कॉपीराइटखाली राखलेली आहे. म्हणजे आपल्या गावच्या गटाने गोफरला फेटा बांधून त्याचे स्टिकर छापले तर हरकत नाही, पण तेच खेळणे शिंप्याकडून हुबेहूब शिवून विकायला मांडणे चालणार नाही. हा भेद पुष्कळांना माहीत नसतो. श्रेयाची अट तर सर्रास विसरली जाते, इतकी की गो प्रकल्पाला २०१४ मध्ये गोफरची जन्मकथा सांगताना या अटीची जाहीर आठवण करून द्यावी लागली. खुल्या परवान्याचा फायदा घ्यायचा आणि एका ओळीचे श्रेय द्यायला कंटाळायचे, हे ओपन सोर्सचा अभिमान मिरवणाऱ्यांना शोभत नाही.

पर्लची कथा याच्या उलट आहे. १९९१ मध्ये ओरायली प्रकाशनाच्या पर्लवरील पुस्तकाच्या मुखपृष्ठावर उंट छापला गेला, पुस्तक घरोघर गेले आणि उंट भाषेचा झाला. पण तो ट्रेडमार्क म्हणून प्रकाशकाच्या मालकीचा राहिला. प्रकाशकाने बिगरव्यावसायिक वापराला मोकळीक दिली, हे मान्य केलेच पाहिजे. तरी जो प्राणी वापरायला परवानगीचा विचार करावा लागतो त्याच्याशी मोकळेपणाने खेळता येत नाही, आणि पर्ल फाउंडेशनने आपल्या बोधचिन्हासाठी कांदा पसंत केला. जावाचा ड्यूक मधल्या वाटेने गेला. जो पालरँग यांनी तो १९९२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या स्टार सेव्हन या हातात धरायच्या यंत्रासाठी काढला होता. लाल नाकाचा, टोकदार काळ्या डोक्याचा तो जीव त्या यंत्राच्या पडद्यावर वापरणाऱ्याला वाट दाखवीत असे. यंत्र बाजारात आले नाही, त्यातली भाषा जावा म्हणून मोठी झाली, आणि ड्यूकला बीएसडी या मोकळ्या वापराच्या परवान्याखाली खुले व्हायला २००६ उजाडावे लागले. तोवर तो एका कंपनीचा नोकर म्हणून ओळखला गेला होता आणि ती ओळख पुरती पुसली गेली नाही.

रस्टचा फेरिस हा नारिंगी खेकडा या बाबतीत सर्वांत उदार आहे. कॅरन रस्टाड टोल्व्हा यांनी तो काढला आणि त्यावरचे सर्व हक्क सोडून दिले. अधिकृत शुभंकर हा दर्जा त्याला नाही, आणि त्यामुळे त्याचे काहीही अडलेले नाही. २०२३ मध्ये रस्ट फाउंडेशनने नाव आणि बोधचिन्हाच्या वापरासंबंधी ट्रेडमार्क धोरणाचा मसुदा काढला तेव्हा मोठे वादळ उठले, पण फेरिस मुळात फाउंडेशनच्या मालकीचाच नव्हता. रस्टच्या अधिकृत पाठ्यपुस्तकात त्याला एक कामही दिलेले आहे, आणि ती कल्पना मला फार आवडते: जो कोड कंपाइल होणार नाही (म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलता येणार नाही), जो चालताना कोसळेल, किंवा जो अपेक्षित वागणार नाही, त्याच्या बाजूला वेगवेगळ्या अवस्थेतला फेरिस दिसतो. नवख्या वाचकाला मजकूर वाचण्याआधीच सावध करणारा असा उपयोग गोफरचा झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. उपयुक्ततेच्या निकषावर खेकडा गोफरच्या पुढे आहे, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही.

गोफरवरचा आणखी एक आक्षेप असा की त्याचा भाषेच्या गुणांशी काही संबंध नाही. गो भाषा झटपट कंपाइल होते, एकाच वेळी अनेक कामे चालवणे तिच्यात सोपे आहे, तिची रचना जाणीवपूर्वक आटोपशीर ठेवलेली आहे. यांतले काहीच तो डोळे फिरवून बसलेला प्राणी सुचवत नाही. आक्षेप खरा आहे, पण शुभंकराने ते सुचवावे ही अपेक्षाच मला पटत नाही. २०१८ मध्ये गो प्रकल्पाने नवे बोधचिन्ह आणले, त्यातल्या अक्षरांमागे वेग दाखवणाऱ्या रेषा आहेत. गुणांची जाहिरात करण्याचे काम त्या बोधचिन्हाने उचलले आणि गोफर शुभंकर म्हणून आपल्या जागी राहिला. ही विभागणी फार शहाणपणाची झाली. कचेरीच्या सादरीकरणात बोधचिन्ह शोभते, आणि वहीच्या मागच्या पानावर गोफर.

आपल्याकडच्या वाचकाला एक अडचण येते. गोफर हा उत्तर अमेरिकेतला, बिळे करून राहणारा कृंतक प्राणी. तो भारतात सापडत नाही आणि आपल्याकडे तो फारसा कोणी पाहिलेलाही नसतो. माझ्या टेबलापाशी येणारे पाहुणे त्याला बिनदिक्कत उंदीर म्हणतात. गणपतीच्या पायाशी उंदीर मांडणाऱ्या समाजात त्यात अपमान कोणी मानणार नाही, पण उंट आणि हत्ती यांना जी ओळख आपल्याकडे आयती मिळते ती गोफरला मिळत नाही. तरी तो खपून जातो, कारण तो मुळात कोणत्या खऱ्या प्राण्याचे चित्र नाहीच. फ्रेंच यांनी घडवलेले ते एक स्वतंत्र पात्र आहे, आणि पात्राला गाव नसले तरी चालते.

विकत घेण्याविषयी सांगायचे तर सॉफ्ट टॉय गूगलच्या विक्री केंद्रातून मिळत आले आहे, पण पुरवठा नियमित नसतो. गो भाषेच्या परिषदेला जाणाऱ्या मित्राला आधी सांगून ठेवणे हा जास्त भरवशाचा मार्ग आहे. व्हिनाइलची बाहुली पुस्तकांच्या कपाटात अधिक देखणी दिसते आणि तिच्यावर धूळ बसली तरी पुसता येते, परंतु ज्या मऊपणामुळे गोफर कागदावरून उतरून आपला झाला तो तिच्यात नाही, म्हणून दोन्हींपैकी एकच घ्यायचे असेल तर मी सॉफ्ट टॉयच सुचवीन. ते घेताना नाव किंवा रंग पाहू नये, डोळे पाहावेत. नकली खेळण्यांत रंग हुबेहूब उतरतो, दातही उतरतात, पण शिवणारा बुबुळे सवयीने नीट मधोमध बसवतो, आणि मग समोर उरतो तो कुठल्याही जत्रेत मिळणारा निळा उंदीर.